फाईल म्हणते ४ जीबी, सर्व्हर म्हणतो १२८ एमबी: मार्केट यार्डातल्या डेटाबेसच्या नोंदी

२ जानेवारी २०२५, गुरुवार

रात्री सव्वाआठला दिवाणजींचा फोन. "पट्टी निघंना झालीय. शेतकरी दारात बसलेत, गाडीवाल्याला परत मोहोळला जायचंय. काय करायलंय तुमचं कॉम्प्युटर?"

गिऱ्हाईक म्हणजे सोलापुरात हैदराबाद रोडवरच्या मार्केट यार्डातला कांद्याचा आडत्या. जानेवारी म्हणजे आवक भरात. सकाळी लिलाव, दुपारी तोलाई, संध्याकाळी सहाच्या पुढे सगळ्या पट्ट्या एकदम. शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदात, वजन, दर, हमाली, तोलाई, मोटारभाडं. २०१६ पासून आडत (आडत्याचं कमिशन) खरेदीदाराकडून घेतात, म्हणून त्याचं बिल वेगळं निघतं. दोन्ही कागद एकाच वेळी हवे असतात आणि त्या दोन तासांत डेटाबेस गुडघे टेकतो.

सात रस्त्यावरच्या ऑफिसातूनच आत शिरलो. उबुंटू २२.०४, डेटाबेस पोस्टग्रेस १४, मशीनला १६ जीबी रॅम. लॉगमध्ये दोन गोष्टी होत्या. खरेदीदारांच्या मोबाईल ॲपला 'टू मेनी क्लायंट्स' असा नकार मिळत होता, आणि पट्टीच्या रिपोर्टला एकेका वेळी ४० सेकंद लागत होते.

सहज 'शो शेअर्ड बफर्स' विचारलं, म्हणजे डेटाबेसने स्वतःच्या कॅशसाठी किती मेमरी धरलीय ते. उत्तर: १२८ एमबी. म्हणजे कारखान्यातून आलेलं मूळ मूल्य. पण मला पक्कं आठवत होतं की मी ते ४ जीबी केलंय. फाईल उघडली. केलेलं आहे. माझ्याच हातची कॉमेंट शेजारी: 'दिवाळीआधी'.

सर्व्हर कधी चालू झाला ते विचारलं (पीजी पोस्टमास्टर स्टार्ट टाइम): ऑगस्ट २०२४. कॉन्फिग शेवटची कधी वाचली (पीजी कॉन्फ लोड टाइम): तोच क्षण, ऑगस्ट २०२४. फाईल बदललीय ऑक्टोबरात. म्हणजे अडीच महिने मी कागदावर श्रीमंत होतो.

आज रात्री काहीच बदललं नाही. अडकलेले दोन सेशन मारले, पट्ट्या निघाल्या. दिवाणजी म्हणाले, "बघा बे उद्या नीट." चिडले की त्यांचं 'हो' आणि 'बे' एकाच वाक्यात येतं.

(नोंदवही मराठीतच ठेवायची असं आम्ही ठरवलंय. सेटिंगची नावं जशी बोलतो तशी लिहिलीत. टाइप करताना मधे अंडरस्कोअर घ्यायचा हे हाताखालच्या पोराला वेगळं सांगायची गरज नसावी.)

३ जानेवारी, शुक्रवार

सकाळी पोरगा म्हणाला, "रीलोड मारू का लगेच?" रीलोड म्हणजे सर्व्हर बंद न करता फाईल पुन्हा वाचायला लावणं. थांबवलं त्याला. अडीच महिन्यांपूर्वी बदललेली फाईल आज सर्व्हरला पाजायची तर त्या बाटलीत काय काय आहे ते आधी बघायला नको?

पोस्टग्रेस ९.५ पासून 'पीजी फाईल सेटिंग्ज' नावाचा व्ह्यू मिळतो. तो चालू सर्व्हरचं मूल्य सांगत नाही. विचारलं त्या क्षणी फाईल वाचून आत काय लिहिलंय, कुठल्या ओळीवर आणि लागू होण्यासारखं आहे का, एवढं सांगतो. चालू मूल्य 'पीजी सेटिंग्ज'मध्ये. दोन्ही शेजारी मांडले. एकक जुळत नाही हे लक्षात ठेवायचं: फाईलमध्ये ४ जीबी लिहिलेलं असतं आणि पीजी सेटिंग्जमध्ये ८ केबीची पानं मोजलेली असतात. १२८ एमबी म्हणजे १६३८४, ४ जीबी म्हणजे ५२४२८८.

तफावत पाच ठिकाणी. चार निरुपद्रवी. पाचवी वाचली आणि चहा थंड झाला: एफसिंक ऑफ.

माझंच पाप. ऑक्टोबरात जुनी बिलं चढवताना वेग यावा म्हणून लिहिली होती ओळ, काम झालं की काढायची. रीलोड करायचं विसरलो, म्हणून ती लागूच झाली नाही (आणि त्या रात्री लोड इतका रेंगाळत का होता, हेही आज कळलं). मग काढायचंही विसरलो. एफसिंक बंद म्हणजे लिहिलेलं डिस्कवर खरंच पोचलं का याची सर्व्हर वाटच बघत नाही. वीज गेली की डेटा फाटू शकतो, आणि फाटला की नुसत्या रीस्टार्टने शिवला जात नाही.

वाईट भाग असा की ही ओळ मेलेली नव्हती, झोपलेली होती. या अडीच महिन्यांत कधीही यूपीएसची बॅटरी संपून मशीन बंद पडलं असतं, तर परत चालू होताना सर्व्हरने ती निमूट वाचली असती. त्यानंतरची वीज जाणं महागात गेलं असतं. त्या मशीनवर ऑटो-अपडेट मी बंद ठेवलेत, नाहीतर पॅकेज बदलताना कधीच रीस्टार्ट होऊन ती आत गेली असती. एका निष्काळजीपणाने दुसऱ्याला झाकलं, याला हुशारी म्हणता येणार नाही.

ओळ काढली. आता फाईलमध्ये एफसिंकचा उल्लेखच नाही. ओळ काढली किंवा तिच्यापुढे हॅश टाकला की पुढच्या रीलोडला ते सेटिंग मूळ मूल्यावर परत जातं, आधीचं धरून बसत नाही. इथे मूळ मूल्य ऑन आहे आणि सर्व्हरही ऑनच होता. सुटलो.

पोराने विचारलं की पीजी सेटिंग्जमध्ये 'पेंडिंग रीस्टार्ट' असा रकाना आहे, तो शेअर्ड बफर्सपुढे फॉल्स का दाखवतोय? चांगला प्रश्न. तो झेंडा फाईल पुन्हा वाचली गेल्यावरच वर चढतो. सर्व्हरने ऑगस्टनंतर फाईल उघडलीच नाही, तर आत काही वाट बघतंय हे त्याला कसं कळणार? त्यामुळे 'पेंडिंग काही नाही' याचा अर्थ 'बदललेलं काही नाही' असा होत नाही.

दुपारी त्याला 'कॉन्टेक्स्ट'चा रकाना समजावला, कारण सगळं त्यावर आहे. इंटर्नल म्हणजे सर्व्हर बांधतानाच ठरलेलं, ८ केबीच्या ब्लॉकसारखं. बघायचं, हात लावायचा नाही. पोस्टमास्टर म्हणजे फक्त चालू होताना वाचलं जाणारं: शेअर्ड बफर्स, मॅक्स कनेक्शन्स, पोर्ट, लिसन ॲड्रेसेस, डब्ल्यूएएल (बदलांची आगाऊ नोंद) लेव्हल. ही बहुतेक सामायिक मेमरीशी बांधलेली असतात आणि ती मेमरी सुरुवातीलाच मागून घेतली जाते. चालू घराचा पाया बदलता येत नाही तसं. सिगहप म्हणजे रीलोडवर सगळीकडे लागू होणारं: चेकपॉइंट टाइमआउट, मॅक्स डब्ल्यूएएल साइज, ऑटोव्हॅक्यूम. बॅकएंड म्हणजे नवं सेशन उघडताना ठरणारं. लॉग कनेक्शन्स त्यातलंच, चालू सेशनला ते मधेच बदलून मिळत नाही. उरलेलं यूझर आणि सुपरयूझर, म्हणजे सेशनमध्येसुद्धा 'सेट' करता येतं. वर्क मेम (सॉर्टसारख्या कामाला मिळणारी मेमरी) हे त्यातलं सगळ्यात जास्त छळणारं.

आर्काइव्ह मोड पोस्टमास्टर गटातलं, पण त्याची कमांड सिगहप गटातली. म्हणजे आर्काइव्हिंग (डब्ल्यूएएलची प्रत दुसरीकडे ठेवणं) चालू करायला रीस्टार्ट, पण कुठे पाठवायचं ते बदलायला नुसता रीलोड. सेटिंगच्या नावावरून अंदाज बांधू नये, रकाना बघावा.

४ जानेवारी, शनिवार

दुपारी दोनचा पहिला रीलोड. आत टाकलं: एक सेकंदावरच्या क्वेरी लॉगमध्ये याव्यात, टेम्प फाईल्सची (मेमरीत न मावलेलं काम डिस्कवर सांडतं, त्यांची) नोंद व्हावी, लॉकसाठी थांबलेले दिसावेत, आणि वर्क मेम ४ वरून ३२ एमबी. पोराने टाइप केलं, मी बघत होतो. 'पीजी रीलोड कॉन्फ' चालवलं, उत्तर 'टी' आलं, तो खूश.

मग शो वर्क मेम: ४ एमबी.

'टी' म्हणजे पोस्टमास्टरला सिगहप संकेत पोचला, इतकंच. फाईल बरोबर आहे, मूल्यं लागली, असं त्यात काही नाही. पोस्टमनने पाकीट टाकलं. आतला चेक वटला की नाही हा बँकेचा प्रश्न. खरं उत्तर लॉगमध्ये: वर्क मेमसाठी '३२एमबी' हे मूल्य अवैध. कारण पोराने एम आणि बी दोन्ही लहान लिपीत लिहिले होते. पोस्टग्रेसच्या एककात लहान-मोठं अक्षर पाळावं लागतं: केबीचं के लहान, एमबीचे दोन्ही मोठे.

त्याच लॉगची शेवटची ओळ वाचायला लावली: फाईलमध्ये चुका आहेत, ज्यांच्यावर परिणाम नाही ते बदल लागू केले. म्हणजे बाकीची तीन सेटिंग्ज लागली होती. हे मूल्य चुकलं तर. सेटिंगचं नावच चुकीचं लिहिलं किंवा अवतरणचिन्ह उघडं राहिलं तर सर्व्हर म्हणतो, काहीच लागू केलं नाही, आणि जुन्यावरच चालत राहतो.

रीलोड असा दिलदार आहे. रीस्टार्ट नाही. तीच चुकीची फाईल घेऊन सर्व्हर बंद करून चालू करायला गेलो तर तो चालूच होत नाही. म्हणून रीलोडनंतर लॉग न वाचता घरी जाणं म्हणजे पुढच्या रीस्टार्टसाठी स्वतःच खड्डा खणून ठेवणं.

दुरुस्त केलं, परत रीलोड, यावेळी ३२. मधे पोराने रीलोड आणि शो एकाच ओळीत, एकाच कमांडमध्ये दिले आणि जुनंच मूल्य आलं म्हणून पुन्हा घाबरला. चालू सेशन नवी फाईल दोन कमांडच्या मधे वाचतं, कमांडच्या पोटात नाही. एका दमात दिलं की आतलं शो जुन्याच जगात असतं.

६ जानेवारी, सोमवार

रविवारी यार्ड बंद. आज संध्याकाळी मी स्वतः यार्डात जाऊन बसलो. कांद्याच्या सालीचा धुरळा कीबोर्डपर्यंत येतो. सव्वासहाला पट्ट्या सुरू, आणि रिपोर्ट परत ३८ सेकंद. लॉगमध्ये टेम्प फाईल्सची रांग. प्लॅनमध्ये सॉर्टपुढे 'एक्स्टर्नल मर्ज, डिस्क'. ३२ एमबी दिलंय, मग डिस्कवर का सांडतंय?

माझ्या सेशनमध्ये शो केलं तर ३२. रात्रभर बघत बसलो असतो तरी ३२च दिसलं असतं. कारण पीजी सेटिंग्ज हा बघणाऱ्याचा आरसा आहे. त्यात माझंच सेशन दिसतं, पट्टीच्या ॲपचं नाही. मी लॉगिन केलेलं पोस्टग्रेस या यूझरने, ॲप येतं दुसऱ्या नावाने.

ॲपच्या नावाने आत शिरलो: ४ एमबी. 'सोर्स' रकान्यात 'यूझर'. कधीतरी कोणीतरी (इथे मी नाही, वही तपासली) 'ऑल्टर रोल' करून त्या रोलला (म्हणजे ॲपच्या यूझरला) वर्क मेम बांधून दिलेलं. फाईल कितीही बदला, रीलोड कितीही मारा, रोलवरचं फाईलच्या वर बसतं.

हे थर पोराला वहीच्या मागच्या पानावर काढून दिले. तळाला मूळ मूल्य, त्यावर मुख्य फाईल, त्यावर ऑटो फाईल (सर्व्हर स्वतः लिहितो ती), त्यावर सर्व्हर सुरू करताना कमांडमध्ये दिलेलं, मग डेटाबेसला बांधलेलं, मग रोलला बांधलेलं, मग 'या डेटाबेसमधला हा रोल' असं बांधलेलं, आणि सगळ्यात वर सेशनने स्वतः 'सेट' केलेलं. वरचा खालच्याला दाबतो.

रोलवरचं रीसेट केलं. पुढची पट्टी: पुन्हा डिस्क. दिवाणजी माझ्याकडे असे बघत होते जसे ओला कांदा कोरडा म्हणून विकणाऱ्याकडे बघतात.

रोल किंवा डेटाबेसवरचा बदल फक्त नव्या लॉगिनला लागतो. आणि पट्टीचं ॲप येतं पीजीबाउन्सरमधून, म्हणजे थोडीच कनेक्शन्स सगळ्यांत वाटून देणाऱ्या मधल्या प्रोग्रॅममधून. ॲप शंभर वेळा बंद-चालू केलं तरी बाउन्सरने मागच्या बाजूला सर्व्हरशी जोडलेली कनेक्शन्स तीच राहतात. सर्व्हर लाइफटाइम मूळ मूल्यावर आहे, ३६०० सेकंद. म्हणजे एक तास. एका तासात सगळी पट्टी संपलीच असती. बाउन्सरच्या ॲडमिन कन्सोलवर 'रीकनेक्ट' दिलं: मोकळं होईल तसं एकेक कनेक्शन बंद करून नवं उघडतो, कोणाचा व्यवहार मधे तुटत नाही. दोन मिनिटांत सॉर्ट मेमरीत. रिपोर्ट १४ सेकंद.

१२८ एमबी का दिलं नाही, असं पोरगा वाटेत विचारत होता. वर्क मेम हे कनेक्शनमागे नसतं, प्रत्येक सॉर्टमागे आणि प्रत्येक हॅशमागे असतं. एका क्वेरीत तीन सॉर्ट असतील तर तिप्पट. तीस कनेक्शन एकदम सुटली तर १६ जीबीचं मशीन हां हां म्हणता भरेल.

७ जानेवारी, मंगळवार

वर्षअखेरचा मोठा रिपोर्ट धाकट्या मालकांनी दुपारी लावून ठेवला होता. चालू असताना पोराने रीलोड केला आणि त्या सेशनला स्टेटमेंट टाइमआउट का लागत नाही म्हणून अडून बसला. हातातली कमांड संपेपर्यंत सेशन नवीन काही वाचत नाही. चालू क्वेरीला रीलोडने आवरता येत नाही. तिला वेगळं रद्द करावं लागतं.

८ जानेवारी, बुधवार

चेकपॉइंट टाइमआउट (मेमरीतले बदल किती वेळाने डिस्कवर उतरवायचे ते) ५ वरून १५ मिनिटं करायचं होतं. पोराने फाईलमध्ये लिहिलं, रीलोड, लॉग स्वच्छ, मूल्य मात्र ५ मिनिटंच. एकटाच अर्धा तास झुंजला. मी 'सोर्स फाईल'चा रकाना दाखवला: डेटा डिरेक्टरीतली पोस्टग्रेस ऑटो कॉन्फ. 'ऑल्टर सिस्टम'ने (९.४ पासून आहे) लिहिलेलं तिथे जातं आणि मुख्य फाईलनंतर वाचलं जातं, म्हणून तेच जिंकतं. उबुंटूवर मुख्य फाईल ईटीसीमध्ये आणि ही व्हारलिबमध्ये. दोन वाड्यांत राहणाऱ्या जावा, एकीला दुसरीचा पत्ता नाही.

"कोणी लिहिलं असंल हे?" पोराने विचारलं. लॉगमध्ये त्याचंच नाव, डिसेंबरात. हसला.

ठरवलं: या गिऱ्हाइकाकडे ऑल्टर सिस्टम वापरायचं नाही. आमचे सगळे बदल कॉन्फ-डी या फोल्डरमधल्या एकाच फाईलमध्ये, तारखेसकट. ऑटो फाईलमधलं 'रीसेट'ने काढलं, हाताने खोडलं नाही.

त्याची सवय अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्या गिऱ्हाइकाकडची. तिथे मायएसक्यूएल ८ आहे. तिकडे 'सेट ग्लोबल' केलं की लगेच झालं असं वाटतं, पण सेशनला स्वतःची प्रत असलेली सेटिंग्ज फक्त नव्या कनेक्शनला लागतात, आणि रीस्टार्ट झाला की तेही विसरतं. टिकवायचं तर 'सेट पर्सिस्ट'. उलट त्यांचा इनोडीबीचा बफर पूल ५.७ पासून चालू सर्व्हरवर वाढवता येतो, जे पोस्टग्रेस १४ च्या शेअर्ड बफर्सला जमत नाही. एका माळेचे मणी नाहीत हे. एकाची सवय दुसऱ्याकडे नेली की असं होतं.

९ जानेवारी, गुरुवार

लिलावाच्या ओट्यावर नवीन टॅब आला, जुना लॅपटॉप निवृत्त. एचबीए फाईलमध्ये टॅबची ओळ घातली, लॅपटॉपची काढली, रीलोड. टॅब जोडला. लॅपटॉपवर बसलेला मुलगा मात्र निवांत वजनं भरत होता. एचबीए हा दारावरचा राखणदार आहे. आत आलेल्याला बाहेर काढणं त्याचं काम नाही. पीजी टर्मिनेट बॅकएंडने ते सेशन तोडलं, मग परत आत येता आलं नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

आता रीस्टार्ट मागणाऱ्यांची यादी. रीलोड झाल्यामुळे पेंडिंग रीस्टार्टचा झेंडा शेअर्ड बफर्ससमोर आता खरोखर फडकतोय.

शेअर्ड बफर्स ४ जीबी. रॅमच्या पावभागापासून सुरुवात करावी हा पोस्टग्रेसच्या दस्तऐवजातलाच ठोकताळा.

मॅक्स कनेक्शन्स: मालक म्हणाले, "नकार येतो तर हजार करा की!" केले नाहीत. १०० मधले ३ सुपरयूझरसाठी राखीव, उरतात ९७. मोबाईल ॲप बाउन्सर सोडून थेट ५४३२ पोर्टवर येत होतं आणि तेच ७० च्या आसपास खात होतं. त्याचा पोर्ट ६४३२ केला. काल संध्याकाळी ऐन गर्दीत सर्व्हरवर एकूण ३१ कनेक्शन. सेटिंगला हात न लावता.

शेअर्ड प्रीलोड लायब्ररीज (सर्व्हर सुरू होतानाच चढणारे जोडभाग): पीजी स्टॅट स्टेटमेंट्स (क्वेरींचा हिशोब ठेवणारा) आणि पीजी प्रीवॉर्म (कॅश आधीच भरून ठेवणारा).

पॅकेजचं अपडेटही याच वेळी उरकू, असं पोराचं म्हणणं. नाही. एका झटक्यात दोन गोष्टी बदलल्या आणि बिघडलं तर दोष कोणाला द्यायचा? ते पुढच्या महिन्यात, वेगळ्या दिवशी.

कधी करायचं? दिवाणजींना विचारलं. "सोमवारी भोगी. अक्षतेला दुकान बंदच राहणार. दुपारी करा." १२ ते १६ सिद्धेश्वरांची यात्रा, अक्षता हा त्यातलाच लग्नसोहळा. पट्टी नाही, लिलाव नाही. याहून चांगली वेळ सोलापुरात सापडायची नाही.

११ जानेवारी, शनिवार

रंगीत तालीम.

पीजी फाईल सेटिंग्जमध्ये 'एरर' रकाना भरलेल्या ओळी मागवल्या. फक्त पोस्टमास्टर गटातल्या आल्या, 'लागू करता आलं नाही' म्हणून. ते अपेक्षित. मग सर्व्हरला हात न लावता पोस्टग्रेसचा बायनरी 'मोठा सी' पर्याय देऊन चालवला: तो पूर्ण फाईल वाचून विचारलेल्या सेटिंगचं मूल्य छापतो आणि बाहेर पडतो. फाईल फुटकी असेल तर इथेच रडतो. ४ जीबीचं मूल्य छापलं.

पण ही चाचणी लायब्ररी उघडून बघत नाही. पोराने स्टॅट स्टेटमेंट्समधला शेवटचा एस खाल्ला होता आणि कोणीच तक्रार केली नाही, कारण फाईलच्या दृष्टीने ती नुसती अक्षरं. रीस्टार्टला सर्व्हरने ती फाईल शोधली असती, सापडली नसती, आणि तो उठलाच नसता. हे पकडलं ते सुपरयूझरच्या सेशनमध्ये 'लोड' देऊन: फाईल सापडत नाही. एस लावला, लोड झालं. हे आता आमच्या तपासणीत कायम.

बॅकअप घेतला. रात्री तो दुसऱ्या मशीनवर चढवूनही पाहिला.

१३ जानेवारी, सोमवार, भोगी

दिवाणजी बाराबंदी घालून सकाळी किल्ली देऊन गेले. "एकाच्या आत फोन करू नका, मी संमती कट्ट्यावर असणार."

११.५० ला चेकपॉइंट हाताने दिला. बंद होताना सर्व्हर स्वतःही चेकपॉइंट घेतो. आधी देऊन ठेवला की त्याच्याजवळ लिहायला थोडंच उरतं आणि बंद व्हायचा वेळ वाचतो. दोन मिनिटांनी आणखी एकदा.

१२.०२ ला बाउन्सरवर 'पॉज'. आलेल्या क्लायंटना तो हाकलत नाही, रांगेत धरून ठेवतो. चालू व्यवहार संपले की मागची बाजू मोकळी करतो. दोन-तीन खरेदीदार सुट्टीच्या दिवशीही ॲपमध्ये जुने दर चाळत होते. त्यांच्यासाठी पान जरा हळू उघडलं, एवढंच.

१२.०३ रीस्टार्ट. ९.५ पासून 'फास्ट' हीच मूळ पद्धत: उघडे व्यवहार मागे फिरवून सेशन तोडतो, कोणाची वाट बघत बसत नाही. पोराचा हात खिशात, माझा माऊसवर. पीजी एलएसक्लस्टर्समध्ये 'ऑनलाइन' दिसायला सहा सेकंद लागले.

शो शेअर्ड बफर्स: ४ जीबी. एफसिंक: ऑन. पेंडिंग रीस्टार्ट: एकही ओळ नाही. मग 'रिझ्यूम'.

कॅश मात्र रिकामी. पीजी प्रीवॉर्म चालू असताना दर ३०० सेकंदांनी मेमरीतल्या ब्लॉकची यादी लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी स्वतः भरतो, पण पहिल्या वेळी यादीच नसते. पट्टी, वजन आणि शेतकरी या तीन टेबलांना हातानेच गरम केलं.

१२.४० ला कुलूप लावलं. रस्त्यावर पांढऱ्या कपड्यांची गर्दी तळ्याकडे चाललेली, लाऊडस्पीकरवरचा आवाज इथवर येत होता. पोराला म्हटलं, जा, नंदीध्वज बघून ये. तो आधीच गाडी काढून उभा होता.

१७ जानेवारी, शुक्रवार

यात्रेनंतरची साचलेली आवक, गाड्या गेटबाहेरपर्यंत. पट्ट्या सव्वासहा ते साडेसात. रिपोर्ट ३ ते ४ सेकंद, एक वेळा ९ (ती क्वेरी स्टॅट स्टेटमेंट्समध्ये सापडली, इंडेक्स नाहीये, तो सोमवारी). टेम्प फाईल्स दोनच. मोबाईल ॲपचा नकार शून्य.

कॉन्फ-डी मधली फाईल गिटमध्ये टाकली. रोज सकाळी सातला एक छोटी स्क्रिप्ट फाईलमधलं आणि चालू सर्व्हरमधलं मूल्य ताडून बघते, तफावत असेल तर मला मेसेज. आज सकाळी पहिला मेसेज आला. काल रात्री पोराने मॅक्स डब्ल्यूएएल साइज २ जीबी लिहून ठेवलंय आणि रीलोड केलेला नाही. जेवायला गेला होता म्हणे.

दिवाणजींनी शेंगाचटणीचा डबा दिला आणि विचारलं, "सोमवारी बंद केलंच नव्हतं का तुम्ही? एका खरेदीदाराने पण फोन केला नाही." मग यूपीएसकडे बोट दाखवून, "ह्याची बॅटरी मात्र चार वर्षं झाली हं."

बॅटरीचे दर मागवले आहेत.